मेगावॉट वाढले, मग कोळसा का घटत नाही?

मार्च २०२५ मध्ये बातमी आली, की भारतानं एका आर्थिक वर्षात पहिल्यांदाच १०० कोटी टन कोळसा खाणींतून काढला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत दुसरी बातमी आली. देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत सौर, पवन, जल, अणू आणि जैवइंधन यांचा मिळून वाटा निम्म्यावर पोहोचला होता. जून २०२५ अखेर सुमारे ४ लाख ८५ हजार मेगावॉट क्षमतेपैकी जवळपास २ लाख ४३ हजार मेगावॉट कोळसा, वायू वा तेल न जाळता चालणारी होती. पॅरिस करारानुसार हे लक्ष्य आपण २०३० साठी ठेवलं होतं. ते पाच वर्षं आधीच गाठलं गेलं.

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत आणि दोन्ही अभिमानानं सांगितल्या गेल्या. पण एखाद्या आठवीतल्या मुलीनं दोन्ही कात्रणं शेजारी-शेजारी ठेवून विचारलं, की निम्मी क्षमता स्वच्छ झाली तर कोळसा पूर्वीपेक्षा जास्त का लागतो, तर तिला काय सांगायचं? हा प्रश्न साधा दिसतो, पण देशाचं कार्बन उत्सर्जन कशानं वाढतं नि कशानं घटतं, याचं बहुतेक सगळं मर्म त्यात आहे.

पहिला उलगडा मोजमापातच होतो. मेगावॉट म्हणजे एखादं यंत्र एका क्षणी जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतं याचं माप. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप बसवला एवढ्यावरून शेतात किती पाणी गेलं ते कळत नाही. पंप किती तास चालला ते विचारावं लागतं. सौर पॅनल रात्री बंद असतं, सकाळ-संध्याकाळ जेमतेम चालतं, आषाढातल्या ढगांखाली मंदावतं. वर्षाचा हिशेब केला तर सौर प्रकल्प आपल्या पूर्ण क्षमतेच्या साधारण २० टक्के वीज देतो. कोळशाचं केंद्र ७० टक्क्यांच्या आसपास देतं. म्हणजे १,००० मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला सुमारे १७५ कोटी युनिट देतो, तर तेवढ्याच क्षमतेचं कोळशाचं केंद्र ६०० कोटींहून अधिक. म्हणून क्षमतेच्या तक्त्यात स्वच्छ ऊर्जा निम्म्यावर आली, तरी २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा तीन चतुर्थांशांच्या जवळपासच होता. धुराड्यातून काय बाहेर पडेल हे युनिटांवर ठरतं.

पण एवढ्यानं प्रश्न सुटत नाही. सौर वीज तुलनेनं कमी निघत असली, तरी दरवर्षी ती वाढते आहे. मग कोळसा निदान थोडा तरी कमी व्हायला हवा होता. तो वाढला, कारण हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला आपण सगळे आहोत.

चार आकड्यांचा गुणाकार

योइची काया या जपानी ऊर्जा-अर्थतज्ज्ञानं १९९० च्या सुमारास एक सुटसुटीत सूत्र मांडलं. कोणत्याही देशाचं ऊर्जेतून होणारं कार्बन उत्सर्जन म्हणजे चार गोष्टींचा गुणाकार : लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, एक रुपयाचं उत्पन्न मिळवायला लागणारी ऊर्जा, आणि त्या ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे निघणारा कार्बन. पहिल्या दोन गोष्टी मिळून अर्थव्यवस्थेचा आकार होतो. तिसरीतून काटकसर आणि उद्योगधंद्यांचं स्वरूप कळतं. सौर आणि पवन ऊर्जेचा परिणाम होतो तो फक्त चौथ्या आकड्यावर.

गुणाकार असल्यामुळे एक आकडा घटून भागत नाही. बाकीचे त्याहून वेगानं वाढले, तर उत्तर वाढतंच. भारताचं नेमकं तसं झालं. भारत सरकारनं संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात आपल्या अर्थव्यवस्थेची उत्सर्जन-तीव्रता, म्हणजे दर रुपयामागचं उत्सर्जन, ३६ टक्क्यांनी घटली. ही खरीखुरी कमाई आहे. उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, कारखान्यांनी भट्ट्या सुधारल्या, सेवाक्षेत्र वाढलं. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या एक कोटीच्या उलाढालीला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या कितीतरी पट एक कोटीच्या पोलादाला लागते. तरीही देशाचं एकूण कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २००५ पासून दुपटीहून बरंच जास्त झालं आणि २०२३ च्या सुमारास वर्षाला ३०० कोटी टनांपर्यंत पोहोचलं. दर रुपयामागचा कार्बन घटला, पण रुपये त्याहून वेगानं वाढले.

हे आकडे पुढे आले की, 'पण दरडोई आपण किती कमी आहोत', असं म्हटलं जातं. ते खरं आहे. भारतीय माणसामागे वर्षाला साधारण २ टन, जगाची सरासरी ४.७ टनांच्या आसपास, चीन ८ टनांहून अधिक, अमेरिका सुमारे १४ टन. ज्या घरात अजून पंखाच नीट चालत नाही त्या घराला विजेची काटकसर शिकवणं अन्यायाचं आहे, आणि हा मुद्दा भारतानं जागतिक परिषदांमध्ये ठामपणे मांडला ते योग्यच केलं. मात्र उष्णतेची लाट दरडोई हिशेब बघून येत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात काम करणाऱ्या मजुराला त्या न्यायाचा काही उपयोग नाही. न्यायाची मागणी आणि स्वतःच्या हिताचा हिशेब, दोन्ही एकाच वेळी करावे लागतात.

चंद्रपुरातला एक तास

हा गुणाकार कागदावरून जमिनीवर आणायचा तर चंद्रपूरला जावं. महानिर्मितीचं चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. इरई धरणाचं पाणी, दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी जवळ, आणि वीज मात्र शेकडो किलोमीटर लांब पश्चिम महाराष्ट्रापर्यंत जाणारी. तिथला ५०० मेगावॉटचा एकच संच घेऊ आणि तो पूर्ण भारावर एक तास चालला असं धरू.

त्या तासात ५ लाख युनिट वीज तयार होते. आपल्याकडचा कोळसा एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम लागतो, म्हणून तासाला सुमारे ३५० टन कोळसा. रेल्वेची एक वाघीण ५८-६० टन वाहते. म्हणजे तासाला सहा वाघिणी. एक अख्खी मालगाडी या एका संचाला दहा तास पुरते. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाहून जास्त असतं, त्यामुळे तासाला शंभराहून अधिक टन राख उरते. धुराड्यातून बाहेर पडतो सुमारे ५०० टन कार्बन डायऑक्साइड. जाळलेल्या कोळशापेक्षा वायूचं वजन जास्त कसं, असा प्रश्न पडेल. कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू बरोबर घेतो. १२ ग्रॅम कार्बनाचा ४४ ग्रॅम वायू होतो.

आता याच जिल्ह्यात कोरपना तालुक्याकडे, गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांकडे वळू. तिथली भट्टी १,४५० अंशांपर्यंत तापवतात आणि तीत चुनखडी भाजतात. समजा, ही भट्टी उद्या पूर्णपणे सौर विजेवर तापवली. तरी उत्सर्जन थांबणार नाही. चुनखडी भाजली की तिच्या आत दगडरूपानं बसलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो. हा धूर इंधनाचा नसून दगडाचा आहे. देशात घरं, पूल, मेट्रो, धरणं उभी राहत असताना हा भाग वाढतच जातो, आणि पॅनल कितीही लावले तरी त्याला हात लागत नाही. त्यावर सध्याचा व्यवहार्य उपाय म्हणजे सिमेंटमध्ये भाजलेल्या चुनखडीचं प्रमाण कमी करून राख किंवा पोलाद कारखान्यातली मळी मिसळणं. पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत औष्णिक केंद्राची राख चालते. चंद्रपूरची राख चंद्रपूरच्याच सिमेंटचा कार्बन थोडा कमी करते. उद्या कोळशाची केंद्रं थंडावली, तर सिमेंटवाल्यांना राखेला पर्याय शोधावा लागेल. एका धाग्याला हात घातला की दुसरा असा हलतो.

पोलादाचीही तीच गोष्ट. लोहखनिजातून लोखंड सुटं करायला झोतभट्टीत कोक घालतात, तो उष्णतेसाठी आणि खनिजातला ऑक्सिजन काढून घेण्यासाठीही. भारतात एक टन पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. वीजक्षेत्र देशाच्या इंधनजन्य उत्सर्जनाच्या निम्म्याच्या आसपास आहे. उरलेलं निम्मं सिमेंट, पोलाद, खत, ट्रक, ट्रॅक्टर आणि चुलींमध्ये विखुरलेलं आहे. सौर ऊर्जेच्या यशाबद्दल बोलताना या दुसऱ्या निम्म्याचा उल्लेख फार कमी होतो, आणि मला वाटतं, आपल्या सार्वजनिक चर्चेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

अर्थव्यवस्था थांबली तर?

उत्सर्जन झटकन घटल्याची उदाहरणं इतिहासात आहेत, पण ती हेवा वाटावा अशी नाहीत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि त्यानंतरच्या दशकात रशियाचं उत्सर्जन सुमारे एक तृतीयांशानं खाली आलं. कारखाने बंद पडले होते, पगार थकले होते, माणसांचं आयुर्मान घटलं होतं. २०२० मध्ये टाळेबंदीनं जगाचं उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी घटलं. जालंधरमधून हिमालयाची शिखरं दिसल्याची छायाचित्रं तेव्हा घरोघरी फिरली. त्याच दिवसांत मुंबई-पुण्याहून मजूर पायी गावाकडे निघाले होते. वर्षभरात गाड्या रुळावर आल्या आणि उत्सर्जन पुन्हा पूर्वीच्या पातळीला जाऊन भिडलं, कारण घटले होते ते सूत्रातले उत्पन्नाचे आकडे; ऊर्जेचा कार्बन तेवढाच राहिला होता. माणसांना गरीब ठेवून हवा स्वच्छ करता येत नाही, आणि तसं करूही नये.

मग श्रीमंत होता-होता हवा आपोआप स्वच्छ होते का? अर्थशास्त्रात या आशेला एक वक्ररेषा मिळाली आहे. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये विषमतेबद्दल एक मांडणी केली, की विकास सुरू होताना विषमता वाढते आणि पुढे घटते. १९९१ मध्ये जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी प्रदूषणाबाबत असाच आलेख दाखवला : उत्पन्न वाढताना प्रदूषण आधी चढतं, मग एका टप्प्यानंतर उतरतं. गंधकाच्या धुराबाबत हे बऱ्याच अंशी पटतं. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये धुरकट धुक्यानं हजारो माणसं मेली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. ज्यांच्या छातीत धूर गेला त्यांच्याच हातात मत होतं. कार्बन डायऑक्साइडला ना रंग, ना वास. तो सोडणाऱ्याच्या डोक्यावर थांबत नाही, जगभर पसरतो आणि शतकानुशतकं टिकतो. लंडनमध्ये जाळलेल्या कोळशाची किंमत सुंदरबनातल्या कोळ्यानं द्यावी, अशी ही रचना आहे. म्हणून या वायूच्या बाबतीत ती वक्ररेषा आपोआप खाली वळेल यावर विसंबता येत नाही. ती वळवावी लागते.

ब्रिटननं ती वळवली. जगातलं पहिलं सार्वजनिक कोळसा-वीज केंद्र १८८२ मध्ये लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टवर सुरू झालं, आणि देशातलं शेवटचं, नॉटिंगहॅमशायरमधलं रॅटक्लिफ, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. २०१२ मध्ये ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. बारा वर्षांत ती शून्यावर आली. १९९० च्या तुलनेत देशाचं उत्सर्जन निम्म्यावर आलं, आणि त्याच काळात अर्थव्यवस्था दीडपटीहून मोठी झाली. समुद्रातल्या पवनचक्क्या, २०१३ पासून कार्बनवर लावलेली किमान किंमत, कोळशाच्या जागी आलेला नैसर्गिक वायू, ही सगळी त्यामागची कारणं. पण एक कारण आपल्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे : २००५ नंतर ब्रिटनची विजेची मागणी घटतच गेली. तिथे नव्यानं आलेलं प्रत्येक स्वच्छ युनिट कोळशाच्या एका युनिटाला बाहेर ढकलत होतं. आपल्याकडे नव्यानं आलेलं स्वच्छ युनिट बहुतेक वेळा नव्या मागणीच्या तोंडी जातं.

त्याच ३० सप्टेंबर २०२४ ला ब्रिटनमध्ये आणखी एक आग विझली. वेल्समधल्या पोर्ट टॅलबट इथली टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टी त्या दिवशी बंद झाली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विद्युतभट्टी येणार आहे. हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, आणि ब्रिटनच्या खात्यातलं उत्सर्जन मोठ्या प्रमाणात कमी झालं. त्याच महिन्यात, २० सप्टेंबरला, त्याच कंपनीनं ओडिशातल्या कलिंगनगरमध्ये देशातली सर्वांत मोठी झोतभट्टी सुरू केली. कलिंगनगरचं पोलाद प्रामुख्यानं भारताच्याच गरजेसाठी आहे, तेव्हा वेल्सचा धूर उचलून ओडिशात आणला असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण राष्ट्रीय उत्सर्जनाचा आकडा वाचताना ही जोडी लक्षात ठेवावी. देशाच्या खात्यात मोजला जातो तो देशाच्या हद्दीत निघालेला धूर. बाहेरून आणलेल्या पोलादातला, कपड्यांतला, फोनमधला कार्बन बनवणाऱ्या देशाच्या नावावर चढतो. श्रीमंत देशांची घट खरी आहे, पण ती दाखवतात तेवढी मोठी नाही. युरोपीय संघानं आयात पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम यांच्यावर सीमेवरच कार्बनचं शुल्क लावण्याची जी योजना केली, तिची नोंदणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आणि प्रत्यक्ष शुल्काचा टप्पा २०२६ पासून आहे. भारतीय निर्यातदारांना दर टनामागचा कार्बन कमी करण्याचं हे नवं, रोखठोक कारण आहे.

चीनकडे पाहिलं तर दोन्ही बाजू एकदम दिसतात. २०२४ या एका वर्षात चीननं सुमारे २ लाख ७७ हजार मेगावॉट सौर क्षमता उभी केली, भारताच्या तोवरच्या सगळ्या सौर क्षमतेच्या दुपटीहून जास्त. तरी त्याची निम्म्याहून अधिक वीज कोळशाचीच होती. २०२४ पासून त्याचं उत्सर्जन जवळपास स्थिरावलं, पण त्यामागे केवळ पॅनल नाहीत. घरबांधणीचा फुगा फुटला आणि सिमेंटची मागणी मोठ्या प्रमाणात घसरली. अर्थव्यवस्था किती वाढते याइतकंच ती कशातून वाढते याला महत्त्व आहे.

५ टक्क्यांची शर्यत

आता आपला हिशेब. भारतात वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार कोटी युनिट वीज तयार होते. मागणी वर्षाला ५ टक्क्यांनी वाढते असं धरू. काही वर्षं ती याहून वेगानंही वाढली आहे. ५ टक्के म्हणजे ९ हजार कोटी युनिट. हजार मेगावॉट सौर क्षमतेमागे वर्षाला १७५ कोटी युनिट मिळतात, हे वर पाहिलं. म्हणजे फक्त वाढीव मागणी भागवायची, कोळसा आहे तिथेच ठेवायचा, तर दरवर्षी सुमारे ५० हजार मेगावॉट नवी सौर क्षमता हवी. २०२४-२५ मध्ये आपण सुमारे २४ हजार मेगावॉट सौर आणि ४ हजार मेगावॉट पवन क्षमता वाढवली. तो तोवरचा विक्रम होता, आणि तरी तो अपुरा होता. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. नवीकरणीय ऊर्जेच्या नुसत्या वाढीनं उत्सर्जन घटत नाही. मागणीपेक्षा ती वेगानं वाढली तरच घटतं.

हा हिशेब ऐकून कोणी निराश होऊ नये. २०१० च्या सुमारास एका सौर युनिटला पंधरा रुपयांच्या पुढे दर पडत असे. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथल्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात २ रुपयांच्याही खाली गेला. नवं कोळशाचं केंद्र आज या दराच्या जवळपासही येऊ शकत नाही. अडचण वेळेची आहे. वीज दुपारी बाराला भरपूर, आणि आपल्याला ती भरपूर हवी असते दिवेलागणीलाही, जेव्हा दिवे, पंखे, एसी आणि टीव्ही एकदम सुरू होतात. कोळशाचा संच संध्याकाळी हवा म्हणून दुपारी विझवता येत नाही. तो थंड होऊन पुन्हा तापायला बरेच तास लागतात. म्हणून दुपारीही त्याला साधारण ५५ टक्के भारावर तेवत ठेवतात. सूर्य डोक्यावर असताना कोळसा जळत राहतो तो असा.

महाराष्ट्रानं या कोड्याचा एक धागा पकडला आहे आणि तो देशानं नीट पाहावा असा आहे. आपल्याकडे शेतीपंपांना वर्षानुवर्षं चक्राकार पद्धतीनं वीज मिळत आली, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी बॅटरी नि काठी घेऊन बांधावरून पंप सुरू करायला जातो. उसात बिबट्या, पायाखाली साप. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच काही मेगावॉटचे छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीच्या स्वतंत्र वाहिन्यांना दिवसा वीज द्यायची, असं ठरलं. २०२३ मध्ये योजनेचा मोठा दुसरा टप्पा सुरू झाला. इथे साठवणुकीची गरजच पडत नाही, कारण पिकाला पाणी दिवसाही चालतं. मागणीच सूर्याच्या वेळेवर आणली. शेतकऱ्याची रात्रीची झोप आणि कोळशाची बचत एकाच वाहिनीतून येते. हवामानबदलावरचा याहून चांगला उपाय मला तरी ठाऊक नाही.

बाकी मागणी अशी हलवता येत नाही, तिथे साठवण लागते. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत. शिवाय सह्याद्रीत एक जुनी सोय आहे. अहिल्यानगर-ठाणे सीमेवरच्या घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे : वीज मुबलक असते तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी वर चढवायचं, टंचाईच्या वेळी ते खाली सोडून वीज करायची. चढवताना लागलेल्या विजेपैकी तीन चतुर्थांशांहून थोडी अधिक परत मिळते. पाण्याची ही चपळाई किती मोलाची आहे ते ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसलं. पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊला देशानं नऊ मिनिटं घरातले दिवे मालवले. मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटनं कोसळली आणि लगेच परत चढली. ग्रिड सावरलं ते मुख्यतः जलविद्युत केंद्रांच्या जोरावर. भारप्रेषण केंद्रांतल्या अभियंत्यांनी पाणी आधी चढ्या भारावर ठेवलं, मग झपाट्यानं उतरवलं, मग पुन्हा चढवलं. सूर्य मावळताना रोज संध्याकाळी हेच, याहून मोठ्या प्रमाणावर करायचं आहे.

वाराही इथे मदतीला येतो. सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवर आणि धुळ्यातल्या साक्री तालुक्यात पवनचक्क्या सर्वांत जोरात फिरतात त्या पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या सौर पॅनल मंदावतात तेव्हा.

२०२५ च्या पहिल्या सहामाहीत एक वेगळी गोष्ट घडली. कोळशावरची वीजनिर्मिती आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा कमी झाली. याचं श्रेय कोणाला द्यायचं? २०२४ चा उन्हाळा भाजून काढणारा होता. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटला टेकली होती. २०२५ चा उन्हाळा त्यामानानं सौम्य गेला. मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, नोंदी सुरू झाल्यापासून सर्वांत लवकर. एसी कमी चालले, धरणं लवकर भरली, जलविद्युत वाढली. आणि नव्या सौर-पवन क्षमतेचा विक्रमी भरणाही झाला. तिन्ही कारणं खरी आहेत. पाऊस दरवर्षी तेवढा लवकर येईलच असं नाही, पण बसवलेलं पॅनल पंचवीस वर्षं तिथेच राहतं. म्हणून एका सहामाहीवरून शर्यत जिंकली असं म्हणणं घाईचं आहे. ती जिंकता येते, एवढं मात्र दिसलं.

कोळसा खरोखरच घटू लागला की दुसरा हिशेब पुढे येईल. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनानं जवळपास निम्मा कोळसा असतो, आणि मालभाड्याच्या नफ्यातूनच प्रवासी तिकिटं स्वस्त राहतात. चंद्रपूर, कोरबा, धनबाद, सिंगरौली या जिल्ह्यांत खाणीतला पगार, ट्रकची फेरी, टपरीवरचा चहा, सगळं कोळशावर उभं आहे. सौर प्रकल्पांच्या नोकऱ्या बहुतेक राजस्थान-गुजरातेत येतील, दुर्गापूरच्या खाणीबाहेर नव्हे. पोर्ट टॅलबटच्या कामगारांना काही महिन्यांत जे सोसावं लागलं, ते इथल्या लाखो कुटुंबांना सोसावं लागू नये, तर त्याचं नियोजन केंद्रं धडधडत आहेत तोवरच करायला हवं. २०७० चं शून्य उत्सर्जनाचं वचन आपण ग्लासगोत २०२१ मध्ये दिलं. त्या वर्षी चंद्रपुरात जन्मलेली मुलं तेव्हा ऐन पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतील. त्यांनी कोणतं काम शिकायचं ते आजच्या शाळांत ठरतं आहे.

वाचकांना एक विनंती आहे. यापुढे नव्या मेगावॉटची बातमी वाचाल तेव्हा तिच्याशेजारी दोन आकडे शोधा : त्या वर्षी विजेची मागणी किती युनिटांनी वाढली, आणि कोळशावर किती युनिट वीज झाली. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हे आकडे नियमित प्रसिद्ध करतं आणि ते कोणालाही पाहता येतात. दुसरा आकडा सलग तीन वर्षं उतरता दिसला, तर समजा की देशाचं वळण आलं.